समीक्षाची पात

नागपूरला नर्सिंग शिकणारी पोट्टी रबराचे हातमोजे घालून धानाच्या रोवणीला आली, हे बकाराम पटलाच्या शेतातल्या बांधीत पहिल्यांदा दिसलं ते सुशीलाबाईला. आणि सुशीलाबाईला एखादी गोष्ट दिसली म्हणजे ती साऱ्या गावाला दिसली असं धरून चालायचं.

"अव माय माय!" कमरेवर हात ठेवून ती ओरडली. "सिस्टरबाई, धानाची डिलिवरी करून राहिली का व?"

टोळीतल्या साऱ्या बाया खदखदा हसल्या. भागीरथालाही हसू आलं. पोटची पोर असली म्हणून काय झालं, हसू यायचं ते येतंच. पण समीक्षाचं तोंड पाहिलं आणि तिनं ते ओठांत दाबलं.

धानाच्या पऱ्ह्यांची जुडी डाव्या हातात धरून समीक्षा आईच्या बाजूला वाकली. पण त्या गुळगुळीत मोज्यांतून रोपं कुठली धड सुटायला! कधी दोन काड्या यायच्या, कधी सात. चिखलात खोचली की बोटाबरोबर पुन्हा वर. बाकीच्या बाया मागं सरकत सरकत कडेच्या धुऱ्याला टेकल्या, तरी ही एकटी बांधीच्या मधातच, आणि तिच्या मागं पातीभर, म्हणजे तिच्या वाट्याच्या पट्टाभर, नुसता चिखल.

"काढ ते," भागीरथा तिच्याजवळ जाऊन म्हणाली. "लोकं हसून राहिले."

"हसू दे. आई, खताचं पाणी आहे हे. बोटं सोलून निघतात."

"आमची नाई निघाली वीस वर्सात?"

समीक्षानं आईच्या हातांकडं पाहिलं. मग आईच्या तोंडाकडं पाहिलं. तिनं मोजे काढले आणि कमरेला खोचले.

दुपारपर्यंत तिची पात बाकीच्यांच्या जोडीला आली. लहानपणी चार हंगाम रोवलं होतं पोरीनं. हात विसरला नव्हता. भागीरथाला बरं वाटलं. खरं सांगायचं तर जरा जास्तच बरं वाटलं.

धुऱ्यावर छत्री धरून बकाराम पटील उभा होता. बकाराम काही वाईट माणूस नव्हता. मजुरी बुडवत नसे, चहा वेळेवर पाठवी. फक्त तोंडाला येईल ते बोलून मोकळा व्हायचा, आणि ते ऐकणाऱ्याला कुठं लागतं याच्याशी त्याला काही देणंघेणं नसायचं.

"का व भागीरथा," तो म्हणाला, "तुमच्या पोराबाळाचं तं सारं सरकारच भरते ना? मंग पोट्टीले कायले चिखलात उतरवलं?"

बायांचे हात क्षणभर थांबले.

"सरकार फी भरते, पटील," भागीरथा मान वर न करता म्हणाली. "तिथं दोन टाइम पोटात काय घालाचं, ते नाई भरत."

"हं," बकाराम म्हणाला, आणि छत्री दुसऱ्या खांद्यावर घेतली.

तेच तर सारं दुखणं होतं. बी.एस्सी. नर्सिंगला नंबर लागला तेव्हा बुद्धविहारात समीक्षाचा सत्कार झाला, शाल दिली, वही दिली, भाषणं झाली. फी शिष्यवृत्तीतून जाते हेही खरं. पण होस्टेल, मेस, पांढरा ड्रेस, पुस्तकं, नागपूरच्या सिटी बसचं भाडं, हे सारं शालीत बांधून थोडंच येतं? पहिलं वर्ष मोहफुलं, तेंदूपत्ता आणि दोन शेळ्या यांच्यावर निघालं. आता शेळ्या नव्हत्या. दुसऱ्या वर्षाला होस्टेल-मेसचे बारा हजार आधी ठेवा, मग खोलीची किल्ली घ्या, असं कॉलेजनं सांगितलं होतं. तेव्हा समीक्षाच म्हणाली, "आई, मी येतो रोवणीले. दोन हात झाले तं होऊन जाईल." तिच्या बापाला, हिरालालला, ते पटलं नव्हतं. पण बारा हजाराचं दुसरं झाड त्याच्याही अंगणात नव्हतं.

टोळीचा कायदा साधा होता. रोवणी गुत्त्यानं, म्हणजे ठरलेल्या रकमेवर, घ्यायची, शेवटच्या दिवशी सारे पैसे सारख्या हिश्शानं वाटायचे. एका बाईची एक पात. आणि पात रिकामी ठेवायची नाही. कुणी आजारी पडलं, कुणाकडं मयत झाली, तर त्या घरानं बदली हात पाठवायचा. नाही पाठवला तर हिस्सा गेला. हा कायदा सुशीलाबाईच्या सासूनं घातला होता आणि सुशीलाबाई तो सासूपेक्षाही कडक चालवायची.

नऊ दिवस असे गेले. सकाळी अंधुकात भात-भाजी बांधून निघायचं, दिवसभर वाकायचं, संध्याकाळी बोडीच्या तळ्यात पाय धुऊन घरी. पाऊस कधी यायचा, कधी नुसतं उकडायचं. नवेगाव बांधाकडून ढग उठले की बाया म्हणायच्या, "आला, आला," आणि तो आमगावकडं निघून जायचा. समीक्षाच्या पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या. त्याचं तिला काही वाटलं नाही. पण नवव्या दिवशी रात्रीच्या जेवणाला तिनं भाताचा घास उचलला आणि वरणाचं तिखट लागताच हात झटकला.

"पाहू दे," भागीरथानं तिचा हात ओढून दिव्याखाली धरला.

दोन्ही आंगठे आणि त्यांच्या शेजारची बोटं शेंड्याला फुटली होती. बारीक लाल भेगा. बाकीच्या बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती.

"बिबा लावून देतो," हिरालालकडं पाहत भागीरथा उठली.

"आई, बिबा नको. त्यानं फोड येतात. मी व्हॅसलीन लावतो."

"तुझं शिकलेलं तिकडे दवाखान्यात ठेव. माझी माय लावे, तिची माय लावे. दोन दिवसात भेग बुजते."

भागीरथानं सुईला बिबा टोचला, दिव्यावर धरला. चरचरला, काळं तेल सुटलं. समीक्षा आईच्या तोंडाकडं पाहत राहिली आणि मग तिनं मुकाट्यानं हात पुढं केला. लहानपणी काटा काढताना करायची तसाच. भागीरथानं चारी बोटांच्या भेगांवर एकेक ठिपका टेकवला, वरून चुना लावला. पोरीचे दात घट्ट मिटले, पण हात मागं घेतला नाही तिनं.

दुसऱ्या दिवशी बोटं सुजली. तिसऱ्या दिवशी शेंड्यांवर पाणीदार फोड आले आणि पऱ्हा खोचता खोचता फुटले. भागीरथाच्या हातांना बिबा सोसत होता. पोरीच्या कातडीला तो सोसला नाही.

आणि नेमकं त्याच दुपारी कॉलेजातल्या मैत्रिणीचा फोन आला.

जेवायच्या वेळी पळसाखाली बसून समीक्षानं तो ऐकला आणि डबा तसाच झाकला. "आई, शिष्यवृत्तीचा फॉर्म पक्का झाला नाही माझा. आधार पडताळून मागते आहे. पाच तारखेपर्यंत नाही झालं तं यंदाची पूर्ण फी आपल्याले भराची."

"किती?"

समीक्षानं आकडा सांगितला. भागीरथानं पुन्हा विचारला नाही.

"मोबाइलवर नंबर येते ना काहीतरी? तो टाकाचा."

"तो बाबाच्या जुन्या नंबरवर जाते. तो सिम बंद पडला दोन वर्स झाले. आता आंगठाच लावा लागते."

दुसऱ्या दिवशी तिघंही कामावर खाडा करून नवेगाव बांधला गेले. स्टँडजवळ भुपेंद्रचं सेतू केंद्र होतं. भुपेंद्र गोंदियाचा पोरगा, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलायचा, पण माणसाला माणसासारखं बोलायचा. दाखले, पीक विमा, रेशन, सारा तालुका त्याच्या टेबलासमोर ओळीनं उभा असायचा.

"लगाओ अंगूठा," तो समीक्षाला म्हणाला.

यंत्राची लाल बत्ती लागली. त्यानं फडक्यानं काच पुसली. पुन्हा लाल. "डावा लाव." लाल. "आता ये उंगली." लाल. दहाच्या दहा बोटं झाली. मग त्यानं तिचा हात उलटा करून पाहिला आणि खुर्चीत मागं टेकला.

"क्या कर लिया, ताई? इसमें तो कुछ बचाही नहीं. हे फोड कायचे?"

मागं ओळीत उभी असलेली माणसं वाकून पाहायला लागली. कुणीतरी म्हणालं, "भाजलं वाटते."

"बिबा लावला होता," भागीरथा म्हणाली. आपला आवाज तिलाच नीट ऐकू आला नाही. "मीच लावला. माझा आंगठा पन नाई लागत भाऊ कधी, रेशनले हेच जाते. पन मले वाटलं..."

भुपेंद्रनं समजुतीनं सांगितलं. नवी कातडी यायला सात-आठ दिवस लागतात. हात कोरडे ठेवा, पाण्यात घालू नका, तेल लावा. पाच तारखेला सकाळी पहिला नंबर तुमचा. "लेकिन खेत में मत भेजना, मावशी. एक दिन भी नहीं. गोंदियात डोळ्याची मशीन आहे, आंगठ्याऐवजी डोळा दाखवाचा, तिथं पन विचारून पाहा."

हिरालाल बोलला तो घरी आल्यावर, खाटेवर बसून.

"तुले कोनं सांगितलं होतं बिबा लावाले? पोट्टी नाई म्हनून राहिली होती ना? दवाखान्याचं शिकते ते. तिचं ऐकाचं सोडून तू..."

"बाबा, राहू द्या," समीक्षा म्हणाली.

"काऊन राहू दे? हातमोजे घालून गेली तं ते पन काढाले लावले हिनंच! लोक हसून राहिले म्हने. हसू दे ना लोकाले! लोक भरनार आहे का फी?"

भागीरथा चुलीपुढं बसली होती. एकही शब्द खोटा नव्हता. चूल पेटलेली होती, तरी ती फुंकत राहिली. डोळ्यांत पाणी आलं तर ते धुरानं आलं असं म्हणता यावं म्हणून.

समीक्षा तिच्याजवळ येऊन बसली. "आई, मी हात दिला ना? मी मोठी आहे. मी नाही देती तं तू काय बांधून लावती?"

त्यानं तर भागीरथाला अधिकच रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे हिरालाल एसटीनं गोंदियाला गेला. डोळ्याच्या मशीनसाठी शहराबाहेर कुडव्यापर्यंत पायी फिरला, तीन ठिकाणी विचारलं. संध्याकाळी परत आला आणि खिशातून एक चिठ्ठी काढून फळीवर ठेवली. मशीन होती. पण नंबर बारा तारखेचा मिळाला होता.

"पाचपर्यंत नाही?" भागीरथानं विचारलं.

"हात जोडले. म्हने, सगळ्यालेच घाई आहे, काका."

म्हणजे आता सारं त्या नव्या कातडीवर आलं. आठ दिवस. समीक्षानं पाण्यात बोट घालायचं नाही. आणि इकडं तिची पात रिकामी.

तिघं खाडा करून नवेगावला गेले त्या दिवसापासून भागीरथाच्या डोक्यात हेच फिरत होतं. तो एक दिवस आणि हिरालाल गोंदियाला गेला तो दुसरा, असे दोन दिवस टोळीनं सोडले होते. सुशीलाबाईनं ओढून-ताणून चालवून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी भागीरथा एकटीच बांधीत उतरली आणि म्हणाली, "मी दोन पाती घेतो."

"दोन?" सुशीलाबाईनं तिला खालून वर पाहिलं. "घे बापा. पाहतो मी."

घेतल्या तिनं. उजव्या पातीत दहा मुठी, डाव्या पातीत दहा मुठी, पुन्हा उजवीकडं. दहा वाजेपर्यंत ती सगळ्यांच्या जोडीला राहिली. त्यानंतर कंबर म्हणायला लागली की आता मी तुझी नाही. बाया धुऱ्याला टेकल्या तेव्हा भागीरथा अर्ध्या बांधीत होती. कुणी हसलं नाही. ते हसण्यापेक्षा वाईट वाटलं.

"भागीरथा," सुशीलाबाई म्हणाली, "असं नाई जमनार, बाई. तुझ्यापाई पुरी बांधी अडून राहिली. बदली हात दे, नाई तं पोट्टीचा हिस्सा सोड. मी माझ्या बहिनीलेही हेच म्हटलं असतं."

"बदली कोठून आनू? घरात बाई मी एकटीच."

"ते तू पाय."

हिस्सा सोडायचा म्हणजे होस्टेलचे पैसे अर्धे गेले. अकरा दिवस पोरीनं कातडी सोलून घेतली ती फुकट. अंगठा लागला तरी किल्ली मिळणार नाही, आणि किल्ली मिळाली तरी अंगठा लागेलच असं नाही. भागीरथा चिखलात उभी राहून रिकाम्या पातीकडं पाहत राहिली.

हिरालाल तेव्हा वरच्या बांधीत पऱ्हे उपटत होता. एरवी तो आमगावला राइस मिलमध्ये हमाली करायचा. रोवणीच्या दिवसांत मात्र इथंच. गड्यांचं काम ते. गडी पऱ्हे उपटणार, जुड्या बांधणार, कावडीनं आणून बांधीत फेकणार. रोवायचं ते बायांनी. आजवर या गावात कुण्या गड्यानं पातीत वाकून रोवलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मुकं जनावर पूजेला बसलेलं दिसलं असतं तर एकवेळ लोकांनी मानलं असतं.

सुशीलाबाईचं बोलणं त्यानं ऐकलं. हातातली जुडी झटकली, कावडीत टाकली. मग लुंगी गुडघ्यांवर खोचली, धुरा उतरला आणि चालत येऊन भागीरथाच्या डाव्या अंगाला उभा राहिला.

"हे पात माझी," तो म्हणाला.

कुणाला पहिल्यांदा कळलंच नाही. सुशीलाबाई म्हणाली, "काय म्हनता, भाऊजी?"

"बदली हात पायजे ना? हा घ्या. पऱ्हे मी पहाटे उपटून ठेवत जाईन, बांधीत बाया उतराच्या आधी."

"पन तुमी... गडी मानूस..."

"तुमच्या सासूनं बदली हात म्हटलं होतं का बदली बाई म्हटलं होतं?"

सुशीलाबाई बाजूला सरकली, आणि अशी वेळ तिच्यावर वर्षातून एखादीच यायची. हिरालाल वाकला. पहिली मूठ खोचली ती आडवी झाली. दुसरी फार खोल गेली. भागीरथा त्याच्याकडं न पाहता हळूच म्हणाली, "आंगठ्यानं दाबा. मुठीनं नाई."

"असं?"

"असं. आनि चारच काड्या. चौदा नाई."

दुपारपर्यंत बातमी गावात पोचली. शाळा सुटल्यावर पोरं धुऱ्यावर येऊन बसली. पानठेल्यावरचा विक्की मोटारसायकल थांबवून फोटो काढून गेला. आणि छत्री घेऊन बकाराम आला, पाहिलं, आणि त्याला हसू आवरेना.

"का गा हिरालाल! लुगडं आनून देऊ का माझ्या बायकोचं?"

हिरालालची मान लाल झाली. भागीरथानं ते पाहिलं. वीस वर्षांच्या संसारात या माणसानं कधी स्वतःच्या हातानं पाण्याचा गडवा भरून घेतला नव्हता. आता हा उठणार, जुडी बकारामच्या तोंडावर फेकणार, आणि सारंच संपणार, असं तिला वाटलं.

तो उठला नाही. तशाच वाकल्या अंगानं म्हणाला, "आना, पटील. पन हिरवं आना. चिखलात मळत नाई."

बाया हसल्या. या वेळी त्या बकारामला हसल्या. सुशीलाबाई सगळ्यांत मोठ्यानं हसली आणि सरकून तिनं हिरालालच्या पातीची एक कडेची ओळ आपल्याकडं ओढून घेतली. दुसऱ्या बाजूनं भागीरथानं एक ओळ ओढली. मधात हिरालालला उरल्या त्या तीन ओळी, आणि त्या तो कसाबसा निभवून न्यायला लागला.

दिवस मोजत मोजत सरकू लागले. हिरालाल तीनला उठायचा, कंदील घेऊन पऱ्ह्यांच्या बांधीत जायचा, उजाडेपर्यंत जुड्या टाकायचा, मग बायांबरोबर पातीत. गावानं त्याचं नाव हिराबाई ठेवलं. पानठेल्यावर जाणं त्यानं सोडलं. रात्री पाठ टेकवताना कण्हायचा तोही दाराकडं तोंड करून, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून. त्याच्याही बोटांना भेगा पडल्या. भागीरथानं एकदा विचारलं, "बिबा...?" आणि दोघंही एकमेकांकडं पाहून हसायला लागले. त्या रात्रीच्या भांडणानंतर पहिल्यांदाच.

समीक्षा ओसरीत बसून असायची. दोन्ही हातांना टोरीचं, मोहाच्या बियांचं, तेल, वरून तिचेच ते रबरी मोजे. पाणी नाही, भांडी नाही, चूल नाही. मांडीवर पुस्तक ठेवून कोपरानं पान उलटायची. एका संध्याकाळी सुशीलाबाई लंगडत आली, लुगडं घोट्यावर घेतलं आणि पाय तिच्यासमोर ठेवला.

"पाय व सिस्टरबाई. हे काय झालं?"

समीक्षानं वाकून पाहिलं. चिखल्या सडून बोटांच्या बेचक्या उघड्या पडल्या होत्या. "काकू, हे तं खूप वाढलं आहे. जांभळ्या गोळ्या मिळतात मेडिकलमध्ये. कोमट पाण्यात एक टाका, पाणी गुलाबी झालं की पाय बुडवून बसा. मग पुसून कोरडे करा. बोटाच्या मधात ओलं राहू देऊ नका."

"आनि बिबा?"

"नको."

सुशीलाबाईनं भागीरथाकडं तिरकं पाहिलं. "ऐकलं का व?" ती म्हणाली, आणि चार दिवसांनी लंगडायची थांबली.

चार तारखेला रोवणी सरली. शेवटच्या बांधीतली शेवटची मूठ टोळीनं समीक्षाच्या पातीत ठेवली, म्हणजे हिरालालकडं. त्यानं ती खोचली. मग रिवाजाप्रमाणं बायांनी बकारामला धरून चिखल फासला, त्यानं आरडाओरडा केला आणि गूळ-चणे वाटले. हिरालाललाही चिखल फासला. तो गडी म्हणून नव्हे, टोळीतला म्हणून. हिश्शे वाटले तेव्हा सुशीलाबाईनं समीक्षाचा हिस्सा पुरा दिला, एक पैसा कमी नाही.

"दोन दिवस पात खाली होती आमची," भागीरथा म्हणाली.

"ते पायाचं औषध फुकट घेऊ का मी?" सुशीलाबाई म्हणाली. "जाय, पोट्टीचा आंगठा पाय आता."

पाच तारखेला केंद्र उघडायच्या आधीच तिघं जण नवेगावला दारात उभे होते. भुपेंद्रनं शटर वर केलं, त्यांना पाहिलं आणि म्हणाला, "आ गए? बैठो." त्यानं यंत्राची काच दोनदा पुसली. समीक्षानं मोजे काढले. बोटांवर नवी कातडी आली होती, गुलाबी, नाजूक. त्यावर रेषा आहेत की नाहीत ते भागीरथाला कळेना. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं.

उजवा आंगठा. लाल.

डावा आंगठा. लाल.

"बिबा लागला ना त्यावर," भुपेंद्र म्हणाला. "बाकीचे दे."

उजवी चारही झाली. लाल. डाव्या हाताचं मधलं बोट. लाल. हिरालाल भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. भागीरथाच्या मनात आलं, एवढं सारं करून, गड्याला पातीत वाकवून, शेवटी मीच हिचं शिक्षण बुडवलं. तिच्या तोंडून निघालं, "बाबासाहेबा..."

"अनामिका दाबून धर," भुपेंद्र म्हणाला. "हिलाना मत."

समीक्षानं डाव्या हाताची अनामिका काचेवर टेकवली. बत्ती फिरली. फिरत राहिली. मग हिरवी झाली.

भुपेंद्रनं टाळी वाजवली. "हो गया, ताई! हो गया!" समीक्षा बोट तिथंच टेकवून बसली होती, ते उचललं तर पुन्हा लाल होईल अशा भीतीनं. मग ती टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली, आणि भागीरथानं तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात पोरीच्या झंपरच्या कापडात अडकत होता, इतका खरखरीत झाला होता.

एव्हाना ओळ लागली होती. मागं पंधरा-वीस माणसं. विक्की पानठेलेवालाही होता, कुठल्याशा दाखल्यासाठी.

"एक मिनिट, रडू नका, काम बाकी आहे," भुपेंद्र म्हणाला. "उत्पन्नाच्या घोषणेले पालकाचा आंगठा लागते. मावशी तुमचा नहीं लगता, पता है मुझे. काका, तुम्ही या. तुमचा तं रेशनले फटकन लागते."

हिरालाल पुढं झाला. आंगठा टेकवला. लाल.

भुपेंद्रनं काच पुसली. लाल. दुसरा आंगठा. लाल. त्यानं हिरालालचा हात उलटा करून उजेडात धरला. शेंडे पांढरे, सुरकुतलेले, भेगाळलेले. आंगठ्याच्या पेरावर खोचून खोचून पडलेला घट्टा.

"अरे! ये तो औरतों के हाथ जैसा... काका, तुम्ही काय रोवणी केली का?"

ओळीत विक्की फसकन हसला. आठवडाभर 'बाई' या ज्या शब्दापायी या माणसानं पानठेला सोडला, तोंड लपवलं, तोच शब्द भर बाजारात, साऱ्या तालुक्यापुढं येऊन पडला होता.

हिरालालनं मान वळवली. विक्कीकडं पाहिलं, ओळीतल्या साऱ्यांकडं पाहिलं. मग टेबलावर दोन्ही हात पालथे-उताणे करून सगळ्यांना दिसतील असे ठेवले.

"हो," तो मोठ्यानं म्हणाला. "केली. पोट्टीची पात खाली होती."

विक्की हसायचा थांबला. भुपेंद्रनं ड्रॉवरमधून एक छापील कागद काढला.

"सही पन चालते, काका," तो म्हणाला. "येते ना?"

"येते."

हिरालालनं पेन घेतला. सुजलेल्या बोटांत तो नीट बसेना. समीक्षानं डोळे पुसले, आपल्या नव्या कातडीच्या बोटांनी त्याची बोटं पेनावर जागच्या जागी बसवली आणि हात काढून घेतला. त्यानं सावकाश, एकेक अक्षर दाबून, आपलं पूर्ण नाव लिहिलं.